गाणे एका खोलीत, अभिनय दुसऱ्या खोलीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नाटक आणि ऑपेराच्या दिग्दर्शनात करिअर करू पाहणाऱ्या मुलांसाठी अलीकडे बरेच मार्गदर्शन छापून येते. आवड, चिकाटी, ओळखी, अभ्यासक्रम यांवर त्यात भर असतो. तालमीच्या खोलीत रोज ज्या कामाला भिडावे लागते, त्याविषयी मात्र फार थोडे वाचायला मिळते. म्हणून हे पत्र.

आमचे म्हणणे एकच आहे. गाणाऱ्या नटाला गाणे एका खोलीत आणि अभिनय दुसऱ्या खोलीत शिकवला, की दोन्ही कच्चे राहते. आणि त्याला शिकवणारा दिग्दर्शकही अर्धाच तयार होतो. बहुतेक अभ्यासक्रमांचे वेळापत्रक नेमके असे असते. दोन वर्षे गळ्याची मेहनत वेगळी, शरीराची वेगळी, आणि प्रयोगाला पंधरा दिवस उरले की दोघांचे लग्न लावायचे. ते लागत नाही. मुले गाताना हात लोंबते ठेवून उभी राहतात आणि चालायला सांगितले की सुरावरून घसरतात. मग ‘गळा चांगला, पण अभिनयात कच्चा’ असा शिक्का बसतो. तो मुलांवर बसायला नको, वेळापत्रकावर बसायला हवा.

हे दुखणे जुने आहे. इटालियन संगीतकार मोंतेव्हर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा 1607 मध्ये इटलीतल्या मांतुआत झाला. तिथून पुढे जवळजवळ तीन शतके ऑपेराला आजच्या अर्थाने दिग्दर्शक नव्हताच. कधी काव्य लिहिणारा, कधी संगीतकार, कधी रंगमंच सांभाळणारा माणूस गायकांना कुठून यायचे आणि कुठे उभे राहायचे ते सांगत असे. रशियन नाट्यदिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्कींनी 1918 मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरच्या आधाराने ऑपेरा स्टुडिओ सुरू केला, तो तरुण गायकांना सुरातून अभिनयाकडे नेण्यासाठी. दिग्दर्शक वाल्टर फेल्झनश्टाइन यांनी 1947 मध्ये बर्लिनची कोमिशे ओपर ही ऑपेरासंस्था उभी केली आणि 1975 मध्ये जाईपर्यंत तिथे दीर्घ तालमींचा आग्रह सोडला नाही. पात्राला गाण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. म्हणजे उत्तर माहीत होऊन शंभर वर्षे झाली, तरी खोल्या वेगळ्याच आहेत.

संगीत नाटकावर पोसलेल्या आपल्या कानाला ऑपेराची एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. आपल्याकडे पद आळवता येते, रंगले तर वाढवता येते, वन्स मोअर आला तर पुन्हा घेता येते. गद्य प्रवेश तर नट आपल्याच लयीत बोलतो. ऑपेरात काळ संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. समजा, एका आरियाआधी, म्हणजे एकट्या पात्राच्या गाण्याआधी, वाद्यवृंदाचे आठ बार आहेत, म्हणजे तालाची आठ घरे; प्रत्येक घरात चार मात्रा, लय मिनिटाला 72. एकूण 32 मात्रा झाल्या, जवळजवळ 27 सेकंद. गद्य नाटकाच्या दिग्दर्शकाला हा विराम लांब वाटला तर तो कापतो. इथे कापता येत नाही. हे 27 सेकंद कोणाचे, त्यात पात्राला काय कळते, कोणत्या सुरावर त्याचा निर्णय होतो, हे दिग्दर्शकाने ठरवायचे असते. ठरवले नाही तर गायक ते नुसते मोजत उभा राहतो, आणि प्रेक्षकाला त्याच्या डोळ्यांतली मोजणी दिसते.

त्यामुळे दिग्दर्शनाची तयारी संहितेपासून न करता स्कोअरपासून, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीपासून, करावी लागते. संपूर्ण वाद्यवृंदाचा स्कोअर सुरुवातीला वाचता आला नाही तरी चालेल, पण पियानो आणि गळा एवढाच असलेला व्होकल स्कोअर वाचता आलाच पाहिजे. त्याची पाने सुटी करून प्रत्येक पानासमोर एक कोरे पान बांधायचे. कोऱ्या पानावर रंगमंचाचा छोटा नकाशा, पात्रांच्या जागा, बाण. आणि छापील पानावर हालचाल जिथे सुरू होते त्या मात्रेवर आकडा. ‘तिच्या ओळीनंतर तो खिडकीपाशी जातो’ अशी नोंद पुरत नाही. कितव्या बारच्या कितव्या मात्रेवर निघतो आणि कितव्यावर पोहोचतो, हे लिहावे लागते. पुढे रंगमंच व्यवस्थापक प्रकाशाचे आणि पडद्याचे सगळे क्यू, म्हणजे इशारे, याच आकड्यांवरून देणार असतो.

पहिल्याच दिवशी सगळ्यांकडे एकाच प्रकाशकाची आवृत्ती आहे का, ते पाहावे. क्षुल्लक वाटणारी ही बाब हमखास घोटाळा करते. दोन आवृत्त्यांत पानांचे क्रमांक जुळत नाहीत, कधी शब्द वेगळे, कधी गाळलेला भाग वेगळा. पियानोवादक एका ठिकाणाहून सुरू करतो, गायक दुसरीकडे शोधत बसतो, आणि वीस माणसांची दहा मिनिटे जातात.

परभाषेतले काव्य असेल तर गायकाने प्रत्येक शब्दाचा अर्थ स्वतःच्या हाताने स्वरांच्या वर लिहावा. ओळीचा भावार्थ चालत नाही. ओळीतला सर्वांत उंच स्वर नेमका कोणत्या शब्दावर आहे, हे त्याशिवाय कळत नाही; आणि संगीतकाराने तो ‘मी’वर ठेवला की ‘कधीच नाही’वर, यावर सारा प्रवेश फिरतो. ध्वनिमुद्रण ऐकून पाठ करणाऱ्या मुलांना आम्ही पहिले दोन महिने तरी ते बंद ठेवायला सांगतो. ऐकून शिकलेल्या मुलाकडे दुसऱ्याचा श्वास, दुसऱ्याची लय आणि दुसऱ्याचे निर्णय येतात, ते काढायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण दोन खोल्यांचा तोटा त्यात स्पष्ट दिसतो. मोत्झार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ची (व्हिएन्ना, 1786) सुरुवात. फिगारो खोली मोजतो आहे, पलंग मावेल का पाहायला. तो फक्त आकडे गातो: पाच, दहा, वीस, तीस, छत्तीस, त्रेचाळीस. त्याची होणारी बायको सुझाना आरशासमोर नवी टोपी घालून बघते आहे आणि त्याने आपल्याकडे पाहावे असे तिला वाटते. वाद्यवृंद आधी दोन सुरावटी वाजवतो. पहिली मोजण्याची, थांबत थांबत जाणारी. दुसरी लडिवाळ, सुझानाची. दोघे आपापल्या सुरावटीत असतात. तो आकड्यांत, ती टोपीत. ती पुन्हा पुन्हा हाक मारते, आणि शेवटी तो मान वर करतो तेव्हा तिचीच सुरावट गातो. त्या घरात पुढे कोणाची अक्कल चालणार आहे, ते पडदा उघडल्यावर काही मिनिटांतच कळते, आणि हे शब्दांत कुठेही लिहिलेले नाही.

हा प्रवेश नवख्यांना दिला की तीन चुका ठरलेल्या. फिगारो गुडघ्यावर बसून जमिनीकडे पाहत गातो, त्यामुळे आवाज फळ्यांत जातो. सहाही आकड्यांना तो तीच कृती करतो, म्हणून तिसऱ्या आकड्याला प्रेक्षकाचे लक्ष उडते. आणि सुझाना सुरुवातीपासूनच रुसलेली असते, त्यामुळे तिला पुढे चढायला पायरीच उरत नाही.

यावर उपाय असा. गाणे बाजूला ठेवून मुलाच्या हातात खरी मोजकाठी द्या, खरी खोली मोजू द्या, आकडे भिंतीवर किंवा कागदावर लिहू द्या. मग पियानो सुरू करून तेच काम संगीताच्या वेळेत बसवायला सांगा. कुठे वेळ कमी पडतो, कुठे उरतो, ते त्याचे त्यालाच सापडते. काठी टेकताना वाकायचे, आकडा मात्र मान वर करून, मनात बेरीज करत म्हणायचा. आणि सुझानाला सांगावे की पहिल्या हाकेला तो नक्की बघेल अशी तुझी खात्री आहे; दुसऱ्या हाकेला आश्चर्य, तिसऱ्याला हट्ट. गाण्याच्या शिक्षकाने याच वेळी खोलीत असायला हवे, कारण मोजताना खांदे वर गेले की आवाज आवळतो आणि ते त्यांनाच आधी ऐकू येते.

श्वासाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शिकवण्याची कळ तिथेच आहे. गायक ओळीआधी श्वास घेतो तो फक्त फुप्फुसे भरायला, असे शिकवले की तो श्वास मेलेला दिसतो. पात्राला विचार सुचतो तो श्वास घेताना. ओळ नंतर येते. त्यामुळे मुलांकडून एक व्यायाम रोज करून घ्यावा: संपूर्ण आरिया न गाता फक्त तिचे श्वास घ्यायचे, योग्य मात्रेवर, प्रत्येक श्वासाला वेगळे कारण ठेवून. पियानोवादक साथ वाजवतो, गायक गप्प. चार मिनिटांच्या आरियात तीस-पस्तीस श्वास सहज निघतात. ज्याला त्यांतल्या निम्म्या श्वासांची कारणे सांगता येत नाहीत, त्याला आरिया अजून कळलेली नाही.

दिग्दर्शकाने शरीराचा हिशेबही याच बेताने ठेवावा. धावत प्रवेश हवा असेल तर धावणे वाद्यवृंदाच्या बारमध्ये संपवा आणि पहिल्या ओळीआधी निदान दोन बार दम घ्यायला सोडा. झोपून, गुडघे टेकून, एकमेकांना टेकून गाता येते. जिना चढल्या चढल्या लांब ओळ गाता येत नाही. स्त्रियांच्या पोशाखातली कंबर शिंप्याने पूर्ण श्वास भरलेल्या अवस्थेत मोजावी, नाहीतर रंगीत तालमीत वरचे सूर तुटतात आणि खापर गळ्यावर फुटते. लांब घागरा, टाचेचे बूट, तलवार यांचे तालमीपुरते नमुने पहिल्या आठवड्यापासून अंगावर असावेत. कान झाकणारा टोप असेल तर तो तर आधीच, कारण गायकाला स्वतःचा आवाज वेगळाच ऐकू येऊ लागतो.

ऑपेरात साधारणपणे माइक नसतो, हे विसरून केलेले नेपथ्य गायकाचा घात करते. तयार गळ्यात 3000 हर्ट्झच्या (सेकंदाला इतक्या कंपनांच्या) आसपास एक झळाळी असते आणि वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून एकटा माणूस साठ वाद्यांवरून ऐकू येतो. पण ही झळाळी दिशेने जाते. पाठ फिरवली की आधी तीच हरवते. पूर्ण पाठमोरे गाणे त्यामुळे एखाद्या क्षणापुरतेच परवडते, आणि मागे लाकडी भिंत असेल तरच. काळ्या मखमलीने वेढलेला मोकळा रंगमंच छायाचित्रात देखणा दिसतो, पण आवाज गिळतो. आणखी एक: स्त्रीचा स्वर सुमारे 700 हर्ट्झच्या वर गेला की ई, ऊ, ए हे सारे ‘आ’कडे झुकतात आणि शब्द ओळखू येत नाही. तो मुलीच्या उच्चाराचा दोष नाही. तिथला अर्थ दिग्दर्शकाने आधीच्या खालच्या ओळीत आणि कृतीत पोहोचवून ठेवायचा असतो. उंच स्वरावर नवी माहिती देणारी हालचाल करू नये.

तालमींचा क्रम सांगतो. गायकांनी संगीत पाठ करून यायचे, हा पहिला नियम. त्यानंतर तीन ते सहा आठवडे पियानोवर ब्लॉकिंग (पात्रांच्या जागा आणि हालचाली बसवणे), तीन-तीन तासांची सत्रे, जमिनीवर रंगीत टेपने नेपथ्याच्या रेषा मारलेल्या. दारे, पायऱ्यांची उंची, टेबलाची रुंदी खरी हवी. टेपवर अलगद ओलांडलेली पायरी रंगमंचावर अठरा सेंटिमीटर उंच निघते आणि पाय अडकतो. मग रंगमंचावर पियानोसह, पोशाखासह तालीम. दिग्दर्शकाची शेवटची मालकीची तालीम ती. त्याआधी किंवा नंतर गायक बसून वाद्यवृंदाबरोबर गातात, त्याला जर्मन शब्द ‘झिट्झप्रोबे’ सगळीकडे चालतो. त्यापुढच्या वाद्यवृंदासह होणाऱ्या तालमी कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या. तिथे दिग्दर्शकाने थांबवायचे नाही, वहीत लिहायचे. वाद्यवृंदाची मिनिटे मोजलेली असतात. दिव्याच्या जागेसाठी सत्तर माणसे थांबवणारा नवखा दिग्दर्शक त्या ऑपेरागृहात पुन्हा बोलावला जात नाही. शेवटच्या रंगीत तालमीनंतर गळ्यांना निदान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी, आणि मोठ्या भूमिकेचे दोन प्रयोग लागोपाठच्या दिवशी ठेवू नयेत.

तरुण गायक तालमीत अर्ध्या आवाजात किंवा खालच्या सप्तकात गातात, ते ‘मार्किंग’ होय. अनेक दिग्दर्शक त्यावर चिडतात. चिडू नये. दिवसाला सहा तास पूर्ण आवाजात गाणारा मुलगा दुसऱ्या आठवड्यात बसलेला गळा घेऊन येतो. मात्र मार्किंग आवाजाचे असते. उच्चार, श्वास, नजर आणि वेळ यांचे नाही. हा फरक पहिल्या दिवशीच सांगावा.

पडद्यामागून गाणाऱ्या वृंदाचा एक नेहमीचा त्रास. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 17 मीटर मागे उभा असलेला वृंद बरोबर मात्रेवर गायला तरी पुढे सेकंदाचा विसावा भाग उशिरा पोहोचतो, आणि तेवढे कानाला खटकते. त्यांना मॉनिटरवर दिसणाऱ्या कंडक्टरच्या हाताच्या किंचित आधी गायला शिकवावे लागते, आणि तो मॉनिटर स्वतःही उशीर करत नाही ना, हे आधी तपासावे लागते. वृंदातल्या माणसांना गर्दी म्हणून वागवू नये, एवढेच इथे म्हणतो. चार-पाच जणांचे गट, प्रत्येक गटात प्रत्येक पट्टीचा एक पक्का गळा, आणि प्रत्येकाला नाव व काम.

लहान आणि तरुण कलाकारांसाठी ऑपेरा निवडताना सर्वांत जास्त नुकसान होते. विशीतल्या मुलीला व्हेर्दीची किंवा वाग्नरची नायिका देणे म्हणजे कोवळ्या गळ्यावर पोती लादणे. जड आवाज तिशीच्या आसपास स्थिरावतात. इंग्रज संगीतकार पर्सेलचा ‘डायडो अँड इनिअस’ सुमारे तासाभराचा आहे आणि 1689 च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सीत मुलींच्या शाळेत झाल्याची नोंद आहे. छोट्या भूमिका, भरपूर वृंद, नृत्य. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा ‘नोयेज फ्लड’ 1958 मध्ये चर्चमध्ये झाला, तो मुलांसाठीच लिहिलेला. मुले गातात, वाजवतात, पावसाच्या थेंबांसाठी टांगलेले मग वाजवतात आणि प्रेक्षकही स्तोत्रात सामील होतात. मुलांच्या तालमीत दर 45 मिनिटांनी सुट्टी हवी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची निवड प्रयोगाच्या आठ महिने आधी केली तर मधल्या काळात आवाज फुटू शकतो, म्हणून दुसरा मुलगा सुरुवातीपासून तयार ठेवावा आणि दोघांच्याही पालकांना ते आधी स्पष्ट सांगावे. आवाज फुटला म्हणून काढलेल्या मुलाला बोलण्याची किंवा वाजवण्याची भूमिका द्यावी. तो अपराधी नाही.

मारामारी, पडणे, मिठी, चुंबन यांतले काहीही ‘त्या क्षणी सुचेल तसे’ होता कामा नये. कोणता हात कुठे, किती मात्रा, हे दोघांच्या संमतीने ठरवून वहीत लिहावे. मारामारी प्रत्येक प्रयोगाआधी एकदा अर्ध्या वेगाने आणि एकदा पूर्ण वेगाने करून घ्यावी. विद्यार्थी शिक्षकाला सहज नाही म्हणू शकत नाही. म्हणून शिक्षकाने स्वतः विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

नोट्स, म्हणजे तालमीतल्या सूचना, देताना एका माणसाला एका वेळी दोन-तीनच द्याव्यात आणि त्या क्रियापदात द्याव्यात. ‘आणखी भावना आण’ याने चेहरा आक्रसतो, बाकी काही होत नाही. ‘तिला दारापाशी अडव’ हे करता येते. ओळ स्वतः गाऊन दाखवू नये.

करिअरचा रस्ता म्हणाल तर तो साहाय्यक दिग्दर्शनातूनच जातो. तिथे वही सांभाळणे, उद्याच्या तालमीचे वेळापत्रक आज संध्याकाळी काढणे, आजारी गायकाच्या जागी येणाऱ्याला दोन तासांत सारी भूमिका दाखवणे, आणि मूळ दिग्दर्शक नसताना जुना प्रयोग पुन्हा उभा करणे, ही कामे येतात. शेवटच्या कामात खरी परीक्षा होते, कारण नवा गायक वेगळ्या उंचीचा आणि वेगळ्या श्वासाचा असतो. हालचाल तीच ठेवायची की तिचे कारण तेच ठेवायचे, हे ठरवावे लागते. मोठी ऑपेरागृहे दोन-तीन वर्षे आधी कार्यक्रम ठरवतात, त्यामुळे दोन निर्मितींमधल्या महिन्यांत बहुतेक दिग्दर्शक शिकवतात. शिकवणे हे पोटापाण्याचे दुय्यम काम समजून जे करतात, त्यांचे दिग्दर्शनही पातळ होत जाते असे आमचे स्पष्ट मत आहे. एखादी सूचना गायकाला का करता येत नाही, हे वर्गात वेळ देऊन शोधता येते. निर्मितीच्या धावपळीत तेवढी फुरसत मिळत नाही.

अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांकडे आमची मागणी साधी आहे. आठवड्यातून दोनदा, दोन तास, गाण्याचे शिक्षक, पियानोवादक आणि दिग्दर्शक एका खोलीत असावेत, पहिल्या सत्रापासून. सुरुवात रेसिटेटिव्हने, म्हणजे बोलल्यासारख्या गायलेल्या संवादाने, करावी, कारण तिथे लय बरीचशी बोलण्याच्या हातात असते आणि विरामाची जबाबदारी गायकावर येते. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याने त्या तासाला नकाशासह वही आणावी आणि वर्षातून एकदा तरी स्वतः उभे राहून एक छोटी आरिया गावी, गळा कसाही असो. वर्षअखेरीस गाणे आणि अभिनय यांचे वेगळे गुण न देता दोघातिघांचा आठ मिनिटांचा एक प्रवेश परीक्षेला ठेवावा, आणि तिन्ही शिक्षकांनी एकत्र बसून त्याला एकच गुण द्यावा.

आपले,
ऑपेरा व नाटक शिकवणारे काही वाचक